मुरगाव बंदर आणि मालाविना जलमार्ग

बंगळुरूच्या शिवाजीनगरात बसून गोव्याच्या नद्यांविषयी लिहिणे काहींना अस्थानी वाटेल. येथून समुद्र पूर्वेला गाठा वा पश्चिमेला, अंतर तीनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. आणि या शहराची म्हणून जी नदी होती, त्या वृषभावतीचा केव्हाच सांडपाण्याचा नाला झाला आहे. तरीही मुरगाव बंदराचे भवितव्य जितके पणजीत ठरते, तितकेच ते माझ्या घरापासून फार दूर नसलेल्या विधानसौधात ठरते. मुरगावला उतरणारा कोळसा बळ्ळारी जिल्ह्यातील पोलाद कारखान्याकडे येतो. बळ्ळारीचे लोहखनिज एके काळी मुरगावमार्गे परदेशी जात असे. आणि ज्या मांडवीच्या पात्रातून गोव्याचे खनिज बंदरापर्यंत पोहोचले, तिचा उगम कर्नाटकात आहे. वरच्या अंगाला तिला म्हादई म्हणतात आणि तिच्या पाण्यावरून तीन राज्ये कित्येक वर्षे भांडत आहेत.

विषय आज काढण्याचे कारण दुहेरी आहे. राष्ट्रीय जलमार्गांवरून २०१३-१४ मध्ये सुमारे १ कोटी ८० लाख टन माल गेला होता. २०२४-२५ मध्ये हा आकडा साडेचौदा कोटी टनांवर गेल्याचे केंद्र सरकार सांगते. आठपट वाढ ही कोणालाही हेवा वाटावा अशीच. दुसरीकडे, दीर्घ खंडानंतर गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी एकेक करून पुन्हा सुरू होत आहेत, आणि त्यांच्याबरोबर बार्ज वाहतूकही. या दोन गोष्टी एकत्र ठेवून मुरगावच्या नद्यांना पुन्हा सुगीचे दिवस येणार, असा आशावाद व्यक्त होतो. तो कितपत टिकणारा आहे, हे पाहायला हवे.

आधी कायद्याकडे पाहू. राष्ट्रीय जलमार्ग कायदा एप्रिल २०१६ मध्ये अमलात आला. तोवर देशात पाच राष्ट्रीय जलमार्ग होते. एका फटक्यात ते १११ झाले. परिशिष्टातली नवी नावे इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेली आहेत आणि तो क्रम वाचण्याजोगा आहे. ७२ व्या क्रमांकावर नागपूरची नाग नदी आहे. नागपूरकरांना नाग नदीविषयी वेगळे काही सांगण्याची गरज नाही. ६७ व्या क्रमांकावर मलप्रभा आहे आणि ६८ व्या क्रमांकावर मांडवी. म्हणजे कळसा-भांडुरा योजनेत ज्या नदीचे पाणी वळवायचे ती आणि ज्या नदीत ते वळवायचे ती, अशा दोन्ही नद्या कागदावर शेजारी-शेजारी राष्ट्रीय जलमार्ग आहेत. गोव्यातील सहा प्रवाह या यादीत आले: शापोरा, कुंभारजुवे, मांडवी, म्हापसा, साळ आणि जुवारी. भीमा आणि घटप्रभाही आहेत. उन्हाळ्यात ज्यांच्या पात्रातून गुरे चालत जातात, अशा कितीतरी नद्या या यादीत आहेत.

सेवेत असताना एका आढावा बैठकीत मी विचारले होते की, या नदीतून नेमके काय जाणार? उत्तर मिळाले, ‘आधी मार्ग होऊ द्या, माल आपोआप येईल.’ मी इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे असेल कदाचित, पण त्या उत्तराने मला मुरगावचीच आठवण झाली होती, कारण हा प्रयोग तेथे एकदा होऊन गेला आहे.

१८७८ मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत करार झाला आणि त्यातून मुरगावचे बंदर व तेथून घाट चढून कॅसलरॉकला जाणारी लोहमार्गाची योजना पुढे आली. दख्खनचा कापूस व धान्य या वाटेने समुद्राला मिळेल, हा हिशेब होता. जागेची निवड चुकीची नव्हती. संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीने हादरलेल्या पोर्तुगीजांनी राजधानीच मुरगावला हलवण्याचा बेत केला होता, इतके ते ठिकाण बंदिस्त आणि खोल पाण्याचे. १८८० च्या दशकात बंदर आणि लोहमार्ग दोन्ही उभे राहिले. माल मात्र अपेक्षेइतका आला नाही. दख्खनच्या मालाला मुंबईची सवय होती, तेथे पेढ्या होत्या, दलाल होते, जहाजांची ये-जा होती. कंपनीला दिलेल्या परताव्याच्या हमीचा भार पोर्तुगालच्या तिजोरीवर वर्षानुवर्षे पडत राहिला. मार्ग होता, माल नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर याच्या नेमके उलट घडले. युद्धातून सावरणाऱ्या जपानला लोहखनिज हवे होते आणि डिचोली, सत्तरी, सांगे भागांतल्या डोंगरांत ते होते. खाणीपासून नदी दहा-वीस किलोमीटरांवर. कोणी परिशिष्ट काढले नाही, प्राधिकरण नेमले नाही. खाणमालकांनी नदीकाठी धक्के बांधले, बार्ज बांधून घेतले, त्यासाठी नदीकिनारीच गोद्या उभ्या राहिल्या. सारमानस, आमोणे, उसगाव, सावर्डे, कुडचडे, कापशे ही नावे खनिज व्यापाराच्या नकाशावर आली. पुढे याच व्यवस्थेने वर्षाला काही कोटी टन माल वाहिला. ज्या काळात गंगेवरचा ‘राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक एक’ (घोषणा १९८६ ची) सरकारी अहवालांत रांगत होता, त्या काळात देशातली सर्वांत यशस्वी अंतर्गत जलवाहतूक गोव्यात, कोणत्याही राष्ट्रीय दर्जाविना, चालू होती.

ती का चालली, हे समजून घेतल्याशिवाय ती पुन्हा चालेल का, हे सांगता येणार नाही. हजार ते अडीच हजार टनांचा बार्ज भरतीच्या वेळा सांभाळत मांडवीतून किंवा जुवारीतून खाली येई आणि पुष्कळदा धक्क्याला न लागता थेट खोल पाण्यात उभ्या जहाजाच्या कुशीला लागे. तेथे यारीने माल उचलून जहाजात पडे. लाखभर टनांचे जहाज भरायला पन्नास-साठ खेपा लागत, परंतु त्या जहाजाला बंदराच्या धक्क्यावरची जागा अडवावी लागत नसे. पावसाळ्यात आग्वादपाशी मांडवीच्या मुखावर वाळूचा दांडा धोकादायक होतो आणि ते तोंड बंद पडते. अशा वेळी बार्ज कुंभारजुव्याच्या १७ किलोमीटरांच्या कालव्यातून जुवारीत उतरत आणि मुरगाव गाठत. निसर्गाने दोन नद्या आणि त्यांना जोडणारी पर्यायी वाट अशी सोय करून ठेवलेली, माल एकाच जातीचा, मालक मोजके, अंतर चाळीस-पन्नास किलोमीटर. खाण, बार्ज आणि जहाजाचा व्यवहार अनेकदा एकाच घराण्याच्या हातात. परतीची खेप रिकामी जाई, तरी परवडे.

सरकारी सादरीकरणांत गेली दहा वर्षे एक तुलना फिरते आहे: एक टन माल एक किलोमीटर नेण्यास रस्त्याने अडीच रुपये, रेल्वेने १ रुपया ३६ पैसे, पाण्यातून १ रुपया ६ पैसे. हे आकडे वाहत्या बार्जपुरते खरे मानले तरी माल ट्रकमध्ये भरणे, धक्क्यावर उतरवणे, बार्जमध्ये चढवणे, पुन्हा उतरवणे यांचा खर्च त्यांत दिसत नाही. अंतर थोडे असले की हा हाताळणीचा खर्चच सारा फायदा खाऊन टाकतो. गोव्यात तो सोसवला, कारण खाणीतून निघालेला माल कोठेतरी एकदा चढवावाच लागणार होता आणि शेवटी जहाजातच जाणार होता. नागपूरच्या गोदामातून निघालेल्या खोक्याला हे गणित लागू पडत नाही.

महाराष्ट्राच्या वाचकांना याचे जवळचे उदाहरण धरमतरच्या खाडीत दिसेल. राष्ट्रीय जलमार्गांच्या वाढीत मोठा वाटा भरती-ओहोटीच्या खाड्यांचा आहे आणि त्यांत अंबा नदी, म्हणजे जलमार्ग क्रमांक १०, अग्रभागी आहे. मोठी जहाजे जयगडला कच्चा माल उतरवतात, तेथून छोटी जहाजे तो किनाऱ्याकिनाऱ्याने आणून धरमतरच्या धक्क्यावर, डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या दारात टाकतात. व्यवहार उत्तम आहे, त्यात काही खोटे नाही. परंतु तो मुख्यतः एका कारखान्याचा व्यवहार आहे आणि त्या प्रवासाचा मोठा भाग समुद्रावरचा आहे. आपण टन मोजतो, टन-किलोमीटर मागे ठेवतो; त्यामुळे खाडीतली थोडकी मजल आणि वाराणसी ते हल्दियाचा लांब पल्ला एकाच रकान्यात बसतात. २०१८ च्या नोव्हेंबरात कोलकात्याहून वाराणसीला १६ कंटेनर घेऊन जहाज आले तेव्हा पंतप्रधान स्वागताला होते. डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘जलवाहक’ योजनेत गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बराक या मार्गांवरील मालवाहतुकीच्या खर्चाचा ३५ टक्क्यांपर्यंतचा परतावा मिळतो. ज्या मार्गांवर माल स्वतःहून येतो त्यांना अनुदान लागत नाही, आणि ज्यांना अनुदान लागते तेथे ते थांबल्यावर काय राहील, याचे उत्तर मिळायला अजून काही वर्षे जावी लागतील.

एकाच मालावर उभ्या व्यवस्थेचा धोका गोव्याने पुरेपूर अनुभवला. २०१०-११ मध्ये मुरगाव बंदराने सुमारे ५ कोटी टन माल हाताळला आणि त्यात सिंहाचा वाटा लोहखनिजाचा होता. चीनची मागणी टिपेला होती. हलक्या प्रतीचे, देशी कारखाने ज्याकडे वळूनही पाहत नसत असे खनिजही खपत होते. कर्नाटकातून रेल्वेने आणि ट्रकने आलेले खनिजही त्यातच मिसळत होते. मग लोकायुक्त संतोष हेगडे यांचा अहवाल आणि सर्वोच्च न्यायालयाची बंदी यांनी २०११ मध्ये बळ्ळारीच्या खाणी थांबल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये न्या. शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला आणि गोव्यातल्या खाणीही थांबल्या. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सारे ठप्प झाले. २०१२-१३ मध्येच बंदराचा माल २ कोटी टनांच्या खाली आला होता. तीनशेहून अधिक बार्जचा ताफा नदीत उभ्या-उभ्या गंजला, कित्येक भंगारात निघाले. बार्जवरचे तांडेल, खलाशी, दुरुस्तीच्या गोद्यांतले वेल्डर, ट्रकमालक, सगळ्यांचे कर्जाचे हप्ते मात्र थांबले नव्हते. पणजीला रात्री मांडवीच्या पात्रात जो झगमगाट दिसतो तो कॅसिनोंच्या बोटींचा. नदीला नवा माल मिळाला, तो हा.

येथे एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. न्यायालयाने जे थांबवले ते बेकायदा होते. मर्यादेबाहेरचे उत्खनन, मुदत संपलेले पट्टे, शेतात वाहून आलेला खाणीचा गाळ, धुळीत गाडलेली गावे, हे सारे त्या कोट्यवधी टनांच्या पोटात होते. नदीवरची वाहतूक रस्त्यापेक्षा स्वच्छ होती, हे खरे; परंतु तिच्या दोन्ही तीरांवर खाजन शेती आहे, हेही खरे. खाऱ्या पाण्याला बांध घालून, मानशींच्या दारांनी भरती-ओहोटी आवरून ही जमीन गावकऱ्यांनी पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून राखली. बांधाची डागडुजी हे गावाचे सामूहिक काम होते. भरलेला बार्ज वेगात गेला की मागून उठणारी लाट त्या मातीच्या बांधावर आदळते. बांध एका जागी फुटला की खारे पाणी आत येते आणि शेत हातचे जाते. दोन हजार टनांमागे इंधन किती वाचले, याचा हिशेब मांडणाऱ्यांनी त्या बांधाचा हिशेब कधी मांडला नाही.

म्हणूनच २०१६-१७ मध्ये सहा नद्यांच्या ‘राष्ट्रीयीकरणा’ला गोव्यात जो विरोध झाला, त्याला अज्ञान म्हणणे मला पटले नव्हते आणि आजही पटत नाही. कायद्याच्या अंगाने पाहिले तर संसदेच्या घोषणेने नदीची मालकी केंद्राकडे जात नाही. संघसूचीतील नोंद २४ यांत्रिक जहाजांच्या नौकानयनापुरती आहे. पाणी, वाळू, मासे, काठची जमीन यांवरचे अधिकार त्याने हलत नाहीत. दिल्लीतील अधिकारी हे समजावून सांगत राहिले आणि लोक ऐकेनात, असे चित्र रंगवले गेले. लोकांचा प्रश्न वेगळाच होता: खाणी बंद आहेत, बार्ज उभे आहेत, मग हा मार्ग आत्ता कोणत्या मालासाठी? त्यांच्या मनात उत्तर तयार होते. कोळसा.

त्याच सुमारास, २०१७ च्या एप्रिल-मेमध्ये, वास्कोत कोळसा हाताळणीच्या विस्तारावर जनसुनावण्या झाल्या आणि विरोधाने सभागृहे भरून गेली. लोहमार्गाच्या दुपदरीकरणाचा प्रकल्पही याच साखळीतला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या अभयारण्यातून जाणाऱ्या टप्प्याची वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. तेव्हापासून एक युक्तिवाद कानावर येतो: लोहमार्गाला जंगल आडवे येत असेल तर कोळसा नदीने न्यावा. कर्नाटकातला एक नागरिक म्हणून, ज्याच्या राज्याला तो कोळसा हवा आहे, मी या युक्तिवादाकडे सहानुभूतीने पाहायला हवे. पण नकाशा तसे करू देत नाही. मांडवीतून जहाज उसगावपर्यंत जाईल, जुवारीतून सावर्ड्यापर्यंत. पुढे सह्याद्री उभा आहे. कुळ्याहून वर चढणारा ब्रागांझा घाट १ : ३७ चढणीचा, म्हणजे दर ३७ मीटरांमागे एक मीटर उंची. बळ्ळारीला जाणारा प्रत्येक टन शेवटी त्याच घाटातून, त्याच रुळांवरून जाणार. नदीने वाचतील ते सपाटीवरचे चाळीस-पन्नास किलोमीटर, आणि त्यासाठी कोळसा आणखी दोनदा चढवा-उतरवावा लागेल, तोही वस्ती, मासेमारी आणि खाजनांच्या मधोमध. अडचण घाटात आहे; नदी ती सोडवू शकत नाही.

अशा चर्चेत ऱ्हाईन नदीचे उदाहरण हमखास निघते. रॉटरडॅमचे बंदर ऱ्हाईनवर जगते, मग आपण का नाही? ऱ्हाईन समुद्रापासून बाझेलपर्यंत, म्हणजे आठशे किलोमीटरांहून अधिक, मोठी जहाजे चालवते. काठावर रसायनांचे, पोलादाचे, तेलाचे कारखाने दीड-दोनशे वर्षांत पाण्याकडे तोंड करून वसले. खाली जाणाऱ्याला आणि वर येणाऱ्याला दोघांनाही माल मिळतो. १८६८ च्या मानहाइम कराराने तीवरची वाहतूक करमुक्त आणि सर्वांना खुली केली. एवढे असूनही ऑगस्ट २०२२ च्या दुष्काळात काउब येथील जलपातळीचा मापक ४० सेंटिमीटरच्या खाली उतरला आणि जहाजांना क्षमतेचा थोडाच भाग भरून चालावे लागले. आपल्या पश्चिमवाहिनी नद्या शंभर किलोमीटरांच्या आत डोंगरावरून समुद्रात पोहोचतात. त्यांना ऱ्हाईन करायला निघणे हा भूगोलाशी वाद घालण्याचा प्रकार आहे.

मग मुरगावच्या जलमार्गाचे भवितव्य काय? माझ्या मते ते छोटे आहे, खनिजाशीच बांधलेले आहे, आणि तसे मान्य केले तरच ते बरे असेल. डिसेंबर २०२२ पासून पट्ट्यांचे लिलाव झाले, २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन सुरू झाले. उत्पादन वाढेल, परंतु न्यायालयाची मर्यादा, पर्यावरण परवानग्या आणि लोकांची सावध नजर पाहता २०१०-११ परतणार नाही, आणि परतू नये. चीनच्या पोलाद उद्योगाची घोडदौडही आता तशी राहिलेली नाही. शिवाय निर्यात शुल्क हा दिल्लीच्या हातातला चाबूक आहेच: मे २०२२ मध्ये लोहखनिजावर ते ५० टक्के झाले, नोव्हेंबरमध्ये हलक्या प्रतीवरचे काढून टाकले. सहा महिन्यांत दोनदा बदलणाऱ्या धोरणावर कोणी नवा बार्ज बांधायला कर्ज काढील, ही अपेक्षा करता येत नाही. बार्ज २०-२५ वर्षे चालवायचा असतो.

तेव्हा जे करता येण्याजोगे आहे ते असे. लिलावातून गेलेल्या प्रत्येक पट्ट्याचा माल कोणत्या धक्क्याने, कोणत्या नदीने, दिवसाला किती बार्जमधून जाईल, हे परवान्यातच लिहिले जावे, म्हणजे ट्रकची रांग गावातून काढायची की खाणीच्या स्वतंत्र रस्त्याने, हा वाद दरवर्षी नव्याने होणार नाही. खाजनांच्या कडेने बार्जचा वेग बांधून द्यावा आणि तो उपग्रहाद्वारे तपासावा; आज रिक्षाचा ठावठिकाणा मोबाइलवर दिसतो, बार्जचा का दिसू नये? उपसलेला गाळ कोठे टाकणार, हे आधी ठरावे. नदीने कोळसा वाहिला जाणार नाही, असे राज्य सरकारने लेखी सांगितले तर खनिजाच्या बार्जला होणारा निम्मा विरोध तेथेच मावळेल. आणि १११ च्या यादीची छाननी करून ज्या नद्यांवर माल येण्याची शक्यता नाही ती नावे वगळावीत. संसदेला यादी वाढवता येते तशी कमीही करता येते.

राहिला प्रश्न म्हादईचा. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिले, त्यातला मोठा भाग वीजनिर्मितीसाठीचा. निवाडा फेब्रुवारी २०२० मध्ये राजपत्रात आला. हे पाणी गेले की मांडवीत बार्ज चालणार नाहीत, असे गोव्यात बोलले जाते. ते अतिशयोक्त आहे, कारण खालच्या टप्प्यात बार्ज तरंगतो तो मुख्यतः भरतीच्या पाण्यावर. खरा परिणाम खारेपणा किती वर सरकतो, यात दिसेल, आणि तो पुन्हा खाजनांवर, पिण्याच्या पाण्याच्या उपशावर आणि माशांवर होईल. माझ्या राज्याची बाजू मला ठाऊक आहे. हुबळी-धारवाडला पाणी हवे आहे. परंतु येथील वृत्तपत्रांत म्हादईची चर्चा होते ती ‘समुद्रात वाया जाणारे पाणी’ अशा शब्दांत. त्या पाण्यावर खाली काय काय उभे आहे, हे कणकुंबीच्या डोंगरावर उभे राहून दिसत नाही.

खाणपट्टाधारकांकडून जिल्हा खनिज प्रतिष्ठानांकडे निधी जमा होतो, तो २०१५ च्या दुरुस्ती कायद्यानुसार खाणबाधितांसाठीच खर्चायचा असतो. बार्जच्या वाटेवरील खाजनांच्या शेतकऱ्यांना ‘खाणबाधित’ मानून बांध आणि मानशींच्या दुरुस्तीसाठी त्यातला ठरावीक वाटा दरवर्षी राखून ठेवता येईल. पुढल्या पावसाळ्यात आग्वादचे तोंड बंद होऊन बार्ज कुंभारजुव्याच्या अरुंद कालव्यात शिरण्यापूर्वी एवढे झाले, तरी नद्यांच्या राष्ट्रीयपणाचा त्या काठाला काही उपयोग झाला असे म्हणता येईल.